ज्याचा टॅग त्यानेच काढायचा

सुपेल्यातल्या एका लॅबमध्ये टोकन नंबर दाखवणाऱ्या पडद्याचं सॉफ्टवेअर हे मी एकटीने केलेलं पहिलं काम, आणि तो पडदा रोज दुपारी बाराच्या सुमारास मान टाकायचा. लॅबवाल्या मॅडमनी शेवटी नंबर हाताने लिहायला भिंतीवर पांढरा बोर्ड टांगला. "कल भी अटका, तो यही चलेगा," म्हणाल्या. मला आधी राग आला, मग नुसती भीती.

चूक माझीच निघाली. पडद्यावर प्रत्येक पेशंटचं एक कार्ड असतं. कार्ड आलं की पडद्यावर जागा किती उरली यावर लक्ष ठेवायला ते एक ऑब्झर्वर, म्हणजे कोडमधला पहारेकरी, नेमायचं. पेशंट घरी जायचा, कार्ड उतरायचं, ऑब्झर्वर मात्र पहारा देत बसायचा. बारापर्यंत असे बिनकामाचे पहारेकरी ढिगाने जमायचे आणि पडदा अडकायचा. मग मी शहाणपणा केला: एक कार्ड उतरलं की सगळेच ऑब्झर्वर बंद! आगीतून फुफाट्यात. उरलेली कार्डं एकमेकांवर चढून बसली.

आमच्या रिसालीच्या घरात बाबा समोरच मटार सोलत होते. त्यांचा जन्म स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल विभागात गेलेला. माझं काम म्हणजे खुर्ची गरम करणं, हे त्यांचं ठाम मत. तरी विचारलं, "कावून चिडून राहिली?"

मी सगळं सांगितलं.

"अवं, शटडाऊनमधी, दुरुस्तीले मशीन बंद असन तवा, आमी स्विचले आपापला 'चालू करू नका'चा टॅग लावत होतो. काम झालं का ज्याचा त्यानंच काढाचा. विसरून गेला तर त्याले घरून बोलवत. पन दुसऱ्याच्या टॅगले हात नाही लावाचा. त्याचा हात आत असन तर?"

मी लॅपटॉपकडे वळले. प्रत्येक कार्डाने आपला ऑब्झर्वर आपल्यापाशी ठेवायचा आणि उतरताना तेवढाच डिस्कनेक्ट करायचा. कोडच्या चार ओळी झाल्या. शंभर वेळा कार्डं चढवली, उतरवली. मागे एकही ऑब्झर्वर उरला नाही. रात्रीच नवा कोड लॅबच्या पडद्यावर चढवला. तरी धाकधूक होतीच.

दुसऱ्या दिवशी बाबा शुगर तपासायला उपाशीपोटी त्याच लॅबमध्ये गेले. जवळच्या लॅब सोडून सुपेल्याला कशाला, हे मी विचारलं नाही. एक वाजता त्यांचा फोन आला.

"तुहा पडदा चालून राहिला. एकदाबी नाही अटकला. मॅडमनं बोर्ड काढून ठेवला."

"आणि तुमचा रिपोर्ट?"

"तो तं अकरालेच भेटला." मग म्हणाले, "आता उठू का मी इथून? भूक लागली."