कात्री लागलेला ऑपेरा

माझी मावशी रेडिओच्या संग्रहालयात जुनी ध्वनिमुद्रणं तपासायची. ती निवृत्त झाली, तरी एक दिवस तिथल्या साहेबांनी तिला बोलावलं. साठ वर्षांपूर्वीचा एक जर्मन विनोदी ऑपेरा त्यांना नव्याने विक्रीला काढायचा होता आणि त्यावर तिचा अभिप्राय हवा होता.

मावशीने हेडफोन लावले. ऑपेरातल्या म्हाताऱ्या नवरदेवाचा खर्जातला आवाज ऐकून ती खूश झाली. पण एक गाणं संपलं की लगेच दुसरं सुरू होत होतं. मधले संवाद गायब होते, प्रेक्षकांचं हसणंही. तिचं डोकंच फिरलं.

"संवाद कुठे गेले?"

"काढले, बाई. जर्मन कोणाला कळतंय? शिवाय खरखर फार होती," साहेब म्हणाले.

"खरखर कसली, माणसं हसत होती ती. विनोदी नाटकातला विनोदच काढलात, मग ठेवलंत काय?"

तिने रागारागाने लिहून दिलं, 'गायक उत्तम, वाद्यवृंद चोख, कात्री चालवणारा अडाणी.'

महिन्याभराने सीडीच्या पाकिटावर छापून आलं, 'गायक उत्तम, वाद्यवृंद चोख.' खाली मावशीचं नाव होतं. ती तडक दुकानात गेली आणि तिथल्या सातही पाकिटांवरचं आपलं नाव पेनाने खोडून आली. दुकानदाराची तिला अडवायची हिंमत झाली नाही.