आधी पाय बघायचे

कपड्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा ताई अडतीस वर्षांच्या होत्या. सतरा वर्षं काजं-बटणं करून मान आखडलेली, नवरा आधीच गेलेला, आणि घरात म्हातारी सासू. शेजारीण म्हणाली, मॉलमध्ये बायकांना तपासायला बायकाच लागतात, जाऊन तर बघ. ते ऐकून सासूबाईंना हसू आवरेना.

"तू चोर पकडणार? अगं, उंदीर दिसला की स्टुलावर चढतेस तू!"

तरी ताई गेल्या. शिकवायला सैन्यातून निवृत्त झालेले एक मास्तर होते. आवाज फाटका, पण माणूस लाख मोलाचा. ते सांगायचे, "गर्दीत चेहरे नंतर बघा, आधी पाय बघा. पावलं छोटी झाली, मग घासायला लागली, मग माणूस जागच्या जागी डुलायला लागला, की समजा तो आता स्वतःच्या मर्जीनं उभा नाही."

ताईंची नेमणूक झाली दारातल्या पडद्यामागे. हातात ते किरकिरणारं यंत्र आणि समोर दिवसभर रांग. कुणी नाक मुरडायची, कुणी पर्स आपटायची. ताई मात्र प्रत्येकीला आधी विचारायच्या, "हात लावू ना?" एक आजी दर गुरुवारी यायच्या. खरेदी काही नाही. तपासून घ्यायच्या, आत बाकावर घटकाभर टेकायच्या आणि परत जायच्या. एकदा ताईंनी थट्टा केली, "आजी, तुम्ही काय लपवून आणता ते सापडतच नाही बघा मला." आजी म्हणाल्या, "लपवायला काय आहे माझ्याकडे? अख्ख्या आठवड्यात मला हात लावणारी तू एकटीच." त्या दिवसापासून आजींची तपासणी जरा लांबायची. मागच्या बायका कुरकुरायच्या. कुरकुरू देत.

अशी नऊ वर्षं गेली. मग एका रविवारी तळमजल्यावरच्या, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी असलेल्या चपलांच्या दुकानानं सगळा माल निम्म्या किमतीला काढला. माणसं मुंग्यांसारखी लोटली. ताईंना पडद्यामागून काढून पहिल्या मजल्यावर, खाली उतरणाऱ्या सरकत्या जिन्याच्या तोंडाशी उभं केलं.

दुपारी दुकानदार घाबरला आणि त्यानं शटर अर्धं ओढून घेतलं. आत जाता येईना म्हणून खालची माणसं थबकली. जिना मात्र आपला माणसं खाली सोडतच होता. ताईंनी वरून वाकून पाहिलं. चेहरे हसरेच होते. सवलतीच्या आशेनं अजून फुललेले. पाय मात्र डुलत होते.

लाल बटण हाताशी होतं, पण जिना झटक्यात थांबला तर वरची माणसं खालच्यांवर कोसळणार. त्यांनी छाती फुटेस्तोवर ओरडून सांगितलं, "कठडा धरा! सगळ्यांनी कठडा धरा! जिना थांबतोय!" दोनदा ओरडल्या, माणसांचे हात कठड्यावर गेलेले पाहिले आणि मग बटण दाबलं. वॉकीवर कॅमेऱ्याच्या खोलीतल्या भाऊला म्हणाल्या, "खालचं, माल उतरवायचं मागचं दार उघडायला सांग. आत्ताच्या आत्ता." आणि दोन्ही हात पसरून मागच्या लोंढ्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. लोक ढकलत होते, शिव्या घालत होते. ताई जिन्यावरच्यांना एकच सांगत राहिल्या, "घाई नको. एकेक पायरी वर या. मी आहे ना."

पाव तासात मागच्या दारानं खालची गर्दी विरली. एका मुलीचा घोटा मुरगळला, एका काकांचा चष्मा गेला. बाकी सगळे धडधाकट.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी बोलावून घेतलं. "कुणाला विचारून बटण दाबलंत? दुकानदार माझ्या नावानं ठणाणा करतोय."

भाऊ कॅमेऱ्यातलं चित्रण घेऊन आला होता. साहेबांनी ते एकदा बसून पाहिलं, दुसऱ्यांदा उभं राहून. जिन्याच्या पायथ्याशी, शटरला छाती टेकलेली एक गरोदर बाई दिसत होती. तिच्या मागे हात शिरेल एवढीही जागा नव्हती.

मग साहेब म्हणाले, "उद्यापासून खालीसुद्धा एक माणूस उभा करा. कोण, ते तुम्ही ठरवा." माफी मागायची त्यांना सवय नव्हती, ताईंना तेवढंही पुरलं.

घरी येऊन त्या पलंगावर टेकल्या. बुटाची नाडीसुद्धा त्यांना सुटेना. सासूबाई खाली बसल्या, नाडी सोडली, सुजलेली पावलं मांडीवर घेतली.

"काय झालं गं आज?"

"काही नाही झालं, आई."

"मग रडतेस कशाला?"

"काही झालं नाही म्हणूनच."

सासूबाईंना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण त्या पावलं चोळत राहिल्या, आणि भात गार होतोय याची त्यांनी एकदाही आठवण करून दिली नाही.