चाफा कुणाच्या दारातला?

दर रविवारी महाड-पोलादपूरच्या रानात झाडं ओळखत फिरणारं आमचं तिघांचं मंडळ आहे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या जाधव मॅडम, बिरवाडीला खोली घेऊन राहणारा कारखान्यातला सकपाळ आणि शाळामास्तर मी. झाडांची नावं मी हमखास विसरतो. कुठल्या झाडाने किती घाबरवलं, ते मात्र पक्कं लक्षात राहतं. असे किस्से साठत जातात आणि कुणाला सांगितल्याशिवाय झोप लागत नाही!

*

पोलादपूरच्या चढणीवर, तिन्हीसांजेला, सकपाळ एकदम थबकला. "सर, तो पांढरा मानूस कोन उभा हाय?"

मॅडम हसल्या. "अरे, कांडोळ आहे तो! पानं झडली की बुंधा असाच पांढराफटक दिसतो."

"बरं," सकपाळ म्हणाला, "पन मगाशी तो तिकडं होता ना!"

त्या दिवशी आम्ही पुढचं झाड बघितलंच नाही.

*

एका वाडीबाहेर मेलेल्या जनावराचा वास येत होता. शोधून दमलो. शेवटी मॅडमनी वर बघितलं, तर फुललेला जंगली बदाम! त्या फुलांनाच तसली घाण येते.

शेतातले काका नाकाला पंचा लावून म्हणाले, "वास झाडाचाच, बाई. पन कोन जायचा असला की जास्त येतो."

"आणि आज?" मी विचारलं.

काकांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं.

*

"ऐनाचं झाड पोटात पाणी साठवतं," असं सांगत मॅडमनी बुंध्यावर ठकठक केली. आतून ठकठक परत आली!

"सुतारपक्षी असेल," मी म्हणालो.

"मला सुतारपक्षी ओळखता येतो," मॅडम म्हणाल्या आणि चालू लागल्या.

*

सकपाळने झाडं ओळखणारं ॲप घेतलं. देवराईतल्या एका जुन्या बुंध्याचा फोटो काढला. ॲप म्हणालं, 'फोटोत झाड दिसत नाही.' पुन्हा काढला, पुन्हा तेच.

मागून देवराईतल्या देवळाचे गुरव म्हणाले, "नाव इचारलंस व्हय रे त्याला? आता तो तुजं इचारंल."

सकपाळने ॲप तिथल्या तिथे काढून टाकलं!

*

हा शेवटचा किस्सा मात्र हसण्यावारी न्यायचा नाही.

दरडीखाली गेलेल्या एका वाडीतल्या वनिताताईंचा मॅडमना फोन आला. दरड आली तेव्हा त्या माहेरी होत्या. घर गेलं, घरात एकटी असलेली लेक गेली. ती सापडलीच नाही. आता तिथे नुसते दगडमाती, घर कुठे होतं तेही कळत नाही. "तिच्या नावानं दिवा कुटं लावू, तेवढंच ठरवायचंय. ढिगाऱ्यात एक झाड फुटलंय, लांबून दिसतंय, बघून सांगा. माज्या दारात चाफा होता."

आम्ही गेलो. झाड अर्धं गाडलेलं, पण तरारलेलं. शेंड्याला पिवळी फुलं होती, पानाच्या देठाशी डहाळीला गोल वळी होती. मॅडम म्हणाल्या, "सोनचाफाच."

"माजाच ना?"

"वाडीत अजून कुणाकडे होता?"

"शेजारी होता. वरच्या आळीला बी होता."

"मग ताई, चाफा आहे एवढंच मी सांगू शकते. कुणाच्या दारातला, ते झाड बघून नाही कळत."

वनिताताईंचा चेहरा बघवेना. मॅडम नमुन्यासाठी फूल घ्यायला वळल्या आणि थांबल्या. वरच्या फांद्या फुलांनी भरलेल्या, खाली मात्र एकही फूल नाही. नुसते खुडलेले देठ, ताजे, ओले.

"इथे फुलं काढायला कोण येतं?"

"कुनी नाय. दरडीपासून हिकडं कुनी पाय नाय ठेवत."

वनिताताई पुढे गेल्या. सगळ्यात वरच्या खुडलेल्या देठाला त्यांनी हात लावला. तो त्यांच्या डोक्याच्या जरासाच वर होता. मग त्यांनी पिशवीतून दिवा काढला.

"टाचा उचलून एवढाच पोचायचा तिचा हात," त्या म्हणाल्या. "हितंच हाय आमचं दार."