मधमाश्यांच्या पावलांनी

जेवून पडवीतल्या चटईवर आडवी होते. डोळे मिटतात, पण अंगणातल्या तेरड्यावर मधमाश्यांची गुणगुण चालूच आहे. मी बी टाकून वाढवलेला तेरडा! गुलाबी, जांभळा, मधेच एखादा पांढरा. आज संध्याकाळी त्यातलीच चार रोपं मुळासकट गौर म्हणून घरात येणार. आणि विसर्जन झालं की उरलेला सगळा उपटून पप्पा तिथे फरशी बसवणार. "रानटी झाडं रानातच बरी," म्हणाले. मग या एवढ्या मधमाश्यांनी जायचं कुठे? हे मी विचारलं. पण मनातल्या मनात.

"काय गो ऋजू, झोपतेस कसली?"

पायरीवर शालनआत्या बसली आहे. आमची गौर दरवर्षी तीच आणायची. होळीनंतर ती गेली.

"आत्या, तू तर..."

"मेले. माहितीये मला. चहा टाक म्हणत नाहीये."

मी हसत उठते, तर पायाखाली शाळेचं स्टेज. समोर अख्खी शाळा, बाकांमधून कमरेएवढा तेरडा आणि हेडसरांच्या चष्म्यावर फुलपाखरू. पहिल्या बाकावर आत्या, मांडी घालून.

"यंदा गौर कोण आणतंय?"

"मी!"

"उंबऱ्यात आई काय विचारेल?"

"गौर कशाच्या पावलांनी आली?"

"मग तू काय सांगशील?"

"सोन्यामोत्यांच्या. तू सांगायचीस तसं."

"मला पाटल्या हव्या होत्या, म्हणून मी सोनं म्हणायचे. तुला काय हवंय?" ती पुढे वाकते. "गौर घेऊन आलेलीला नाही म्हणायची कुणाची छाती नाही. तुझ्या बापाचीसुद्धा."

मी तोंड उघडते. आवाजच फुटत नाही.

"मोठ्यानं गो! शेवटच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे."

स्टेजचं आता अंगण झालंय. आत्या तेरड्याची एक टम्म शेंग माझ्या हातात ठेवते आणि माझी मूठ मिटते. "दाब."

टप्प! तळहातभर गुदगुल्या. आणि मी ओरडते...

"अगं, ओरडतेस काय?" आई मला हलवतेय. "ऊठ, गौर आणायचीय."

माझी मूठ मिटलेलीच आहे. ती उघडतच नाही मी. तशीच तोंड धुते, परकर-पोलकं घालते, गौर उचलते. उंबऱ्यात आई पायांवर दूध-पाणी घालते आणि विचारते, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

"मधमाश्यांच्या पावलांनी!" शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात मी सांगते. "फुलपाखरांच्या पावलांनी! आणि ती आपल्या अंगणातच राहणार!"

गौरीतल्या एका फुलातून मधमाशी बाहेर येते आणि पप्पांच्या नाकासमोरून ऐटीत घरात शिरते.

"घ्या आता," आई म्हणते.

पप्पा माझ्याकडे बघतात, मग अंगणाकडे. "बरं बाई. फरशी मागच्या दारी घालू."

गौर पाटावर ठेवते आणि आता कुठे मूठ उघडते. शेंगेची गुंडाळलेली हिरवी साल, आणि तळहाताला चिकटलेलं काळंभोर बी.

पुढच्या पावसाळ्याचं.