सोडलेलं कोणी घ्यायचं?

नव्या वर्षाचा संकल्प करणारा माणूस तो फेब्रुवारीपर्यंत विसरतो, पण त्याचे मित्र विसरत नाहीत. किस्से साठतात ते असे. आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या टोळक्याचे तर इतके साठलेत, की वाटतं, इतक्या वर्षांत तब्येत कोणाचीच सुधारली नाही, नुसती करमणूक झाली. आता ती करमणूक आठवायला नको वाटते. पण सांगते.

तेव्हा द्वारका नवीकोरी होती. सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या, रस्ते व्हायचे होते, मेट्रो यायची होती आणि रिक्षावाले अजून तिला जुन्या नावाने ‘पप्पनकलां’च म्हणायचे. दर एकतीस डिसेंबरला संध्याकाळी आम्ही वृंदा आणि दिलीपच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जमायचो. मी, माझा नवरा, बँकेतली नसीमा मुलाणी आणि गाझियाबादहून दोन बसेस बदलून येणारे साठे. वृंदा मटारची उसळ करायची. जेवणाआधी प्रत्येकाने सांगायचं, तब्येतीची कुठली सवय पुढच्या वर्षी चालू ठेवणार आणि कुठली सोडणार.

साठे एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. कुठलीही वस्तू नुसती टाकून देणं त्यांच्या जिवावर यायचं. पहिल्याच वर्षी त्यांनी नियम केला, “सोडा, पण वाया घालवू नका. एकाने सोडलं की दुसऱ्याने घ्यायचं!”

आम्ही हसलो आणि हो म्हणालो. तिथेच फसलो.

*

पहिला माल साठ्यांचाच निघाला. कारल्याचा रस. तीन महिने प्यायले होते म्हणे, चेहऱ्यावरून जास्त वाटत होते.

तो नसीमाने घेतला. नसीमा कऱ्हाडची, शब्दाला पक्की. रोज बँकेत जाण्याआधी उभ्याने रस प्यायची. पुढे बँकेच्या मेडिकलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, “आपको शुगर है?”

“नहीं.”

“घर में किसी को?”

“नहीं.”

“फिर करेले का जूस क्यों?”

नसीमा म्हणाली, “साठेजी ने छोड़ दिया था!”

*

माझ्या वाट्याला नसीमाचं पाणी आलं. सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर पाणी प्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या सोसायटीत तेव्हा नळाला पाणीच नव्हतं, टँकर यायचा. टँकरचा भोंगा वाजला की सूट-बूटवाले मॅनेजर बादल्या घेऊन जिन्यावरून धावायचे. रेटारेटी, शिवीगाळ, सगळं व्हायचं. एरवी हेच लोक लिफ्टमध्ये ‘आफ्टर यू’ करायचे.

आठवडाभर नवऱ्याने सहन केलं. मग एक दिवस बाथरूमच्या दारात रिकामी बादली घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “तब्येत कर नाहीतर आंघोळ करू दे. या पाण्यात दोन्ही बसत नाही!”

*

आमच्यात सगळ्यात धडधाकट वृंदा. रोज पहाटे सोसायटीला फेऱ्या मारायची, थंडी असो, उन्हाळा असो. आणि सगळ्यात आळशी तिचा नवरा. दिलीपला शुगर होती, प्रेशर होतं, त्याचे वडील पन्नाशीच्या आत हार्टने गेले होते. वृंदाच्या आयुष्यात ध्यास असा एकच होता, दिलीपने चालावं. तो बाल्कनीत चहा घेऊन उभा राहायचा आणि ती खालून जाताना कप उंचावायचा.

दर वर्षी त्याची पाळी आली की ठरलेलं उत्तर, “सोडायला आधी काहीतरी धरावं लागतं. मी धरतच नाही. माझा हिशोब चोख आहे!”

सगळे हसायचे. वृंदाही हसायची, पण उशिरा.

एका जानेवारीत आम्ही सगळे पानिपतला, लढाईच्या जागी, काला अंबला गेलो. संक्रांतीच्या सुमाराला मराठी माणसं जातातच तिथे. भाड्याची गाडी जरा लांब उभी करावी लागली. स्मारकापर्यंत चालायचं म्हटल्यावर दिलीप सीटवरून हलेना. वृंदा चिडली. “अरे, पुण्याहून इथपर्यंत माणसं चालत आली होती! तुला एवढंही होत नाही?”

दिलीपने शांतपणे विचारलं, “आणि त्यांचं पुढे काय झालं?”

वृंदाने गाडीचं दार आपटलं आणि ती एकटीच झपाझप पुढे गेली. आम्ही पोट धरून हसत होतो. दिलीप मात्र तिच्या पाठीकडे बघत होता, हे मला तेव्हा दिसलं होतं.

*

मग साठ्यांचा कारखाना बंद झाला. परदेशी माल स्वस्त यायला लागला, मालकाला कारखान्यापेक्षा जमिनीला भाव जास्त मिळत होता. हातात पैसे ठेवून सगळ्यांना घरी पाठवलं.

त्या वर्षी साठे म्हणाले, “मी पहाटे उठणं सोडतो. साडेपाचला जाग येते आणि मी दाढी करून भिंतीकडे बघत बसतो. कोणी घेता का?”

हसावं की नाही कोणाला कळेना. शेवटी नसीमा म्हणाली, “द्या मला. मला रोज लेट मार्क लागतोच आहे.”

“सांभाळून वापर,” साठे म्हणाले. “चांगल्या कंडिशनमध्ये आहे.”

उन्हाळ्यात ते पुण्याला परत गेले. फोनवर नसीमाने विचारलं, “आता झोप लागते का हो पहाटे?” तर म्हणाले, “छे! तू घेतलंस कुठे नीट? अजून माझ्याकडेच आहे!”

*

त्यानंतरच्या पावसाळ्यात वृंदाची कंबर दुखायला लागली. जास्त चालल्यामुळे असेल, असं आम्हीच तिला सांगितलं. दिवाळीपर्यंत कळलं की कॅन्सर आहे आणि हाडांत पसरलाय. डॉक्टरांनी दिलीपला बाजूला घेऊन सांगितलं ते त्याने मला जिन्यात सांगितलं, आणि मग दोघंही जिन्यातच बसून राहिलो. जी रोज चालायची तिलाच का, हा प्रश्न मी त्या दिवसांत इतक्यांदा विचारला, की शेवटी नसीमा म्हणाली, “बस कर यार. उत्तर असतं तर मिळालं असतं.”

एकतीस डिसेंबर करायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं. वृंदाने ऐकलं नाही. उसळ नसीमाने केली. वृंदा पलंगावर उशांना टेकून बसली होती, अंगावर दोन रजया. तिची पाळी आम्ही गाळणार होतो, तर तिनेच हात वर केला.

“मी चालणं सोडते,” ती म्हणाली. “नियम माहितीये ना सगळ्यांना?”

मी ताटाकडे बघत होते. नसीमाचा हात अर्धवट वर आला होता, तेवढ्यात दिलीप म्हणाला, “ते मला दे.”

वृंदा त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “नीट विचार कर. मी परत घेणार नाहीये!”

*

एक जानेवारीला पहाटे दिलीप खाली उतरला. माझ्या नवऱ्याचे बूट घालून, कारण त्याच्याकडे चालायचे बूटच नव्हते. दिल्लीतला जानेवारी. धुकं असं, की समोरची गाडी हाताला लागेपर्यंत दिसू नये. वृंदाने हट्टाने खुर्ची बाल्कनीच्या काचेच्या दाराशी लावून घेतली होती. तिला बघायचं होतं. पण तिसऱ्या मजल्यावरून खाली नुसतं पांढरं दिसत होतं.

म्हणून दिलीप प्रत्येक फेरीला बाल्कनीखाली आला की ओरडायचा, “आलो!”

मग रात्री सोबतीला राहिलेली नसीमा किंवा मी दार किलकिलं करायचो आणि वृंदा आतून म्हणायची, “दिसला नाहीस! ही फेरी धरणार नाही!”

“अगं आवाज आला ना?”

“आवाज काय, उभ्या उभ्याही काढता येतो!”

पुन्हा धाप लागलेला तो पुढच्या फेरीला. पहिल्या आठवड्यात तळमजल्यावरच्या चड्ढा आंटींनी तक्रार केली, सुबह-सुबह ये क्या तमाशा है म्हणून. त्यांना कोणीतरी खरं काय ते सांगितलं असावं. दुसऱ्या दिवसापासून दिलीप चालायला उतरला की त्या शाल गुंडाळून दारात उभ्या राहायच्या आणि एखाद्या फेरीला त्याचा आवाज वरपर्यंत पोचला नाही, तर स्वतः वर बघून ओरडायच्या, “आ गए जी, आ गए! मैंने देखा!”

वृंदा हसायची. हसली की दुखायचं, तरी हसायची. “दिलीप चालतोय,” ती मला म्हणाली, “आणि बघ ना, मला दिसत नाहीये.”

महिना संपता संपता ती गेली.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. मी त्यांच्याकडेच राहिले होते. सकाळी जाग आली तर दिलीप बुटाच्या नाड्या बांधत होता. त्याला एकट्याला जाऊ देववेना, म्हणून मीही स्वेटर चढवून खाली उतरले. कित्येक दिवसांनी धुकं हटून लख्ख ऊन पडलं होतं. समोरच्या सोसायटीच्या टाक्यासुद्धा स्वच्छ दिसत होत्या. पहिली फेरी संपवून आम्ही बाल्कनीखाली आलो. दिलीप ओरडला नाही. दुसरी फेरी झाली, तरी नाही.

चड्ढा आंटी दारात उभ्या होत्या. डोळे पुसून त्यांनी हलकेच विचारलं, “भाईसाब, आज आवाज नहीं लगाई?”

दिलीपने थांबून वर बाल्कनीकडे पाहिलं.

“आज कोहरा नहीं है ना, आंटी,” तो म्हणाला, आणि पुढच्या फेरीला लागला.