हुरमतबीची चप्पल

हुरमतबी कुणाच्याही घरी गेली तरी उंबऱ्याशीच बसायची. आत या, गादीवर बसा, पंख्याखाली बसा, कितीही म्हणा. चप्पल पायाच्या टप्प्यात हवी, एवढीच तिची अट. का, ते पुढं सांगते.

औरंगाबादची गोष्ट आहे. आता शहराचं नाव बदललं, मीही राजाबाजार सोडून गारखेड्यात राहायला आले, पण त्या काळाबद्दल लिहिताना हाताला औरंगाबादच येतं. हुरमतबीचा नवरा निजामाच्या करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या खात्यात, नाक्यावर जमादार होता. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांत ते खातंच बंद झालं. नोकरी गेल्यावर त्या माणसानं अंथरूण धरलं ते धरलंच. तो गेल्यावर हुरमतबीनं रडणं आटोपलं, बुरखा झटकला आणि लग्नं जुळवायला घराबाहेर पडली. लग्न जुळवणाऱ्या बाईला त्यांच्यात मश्शाता म्हणतात. नवाबपुऱ्यापासून पार छावणीपर्यंत तिची पायपीट असायची.

या धंद्याचा कच्चा माल एकच, दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी. कुणाची मुलगी तिरळी, कुणाच्या मुलाला फिट येते, कोणती सासू डाळ मोजून देते. हुरमतबीकडे हे सगळं होतं, शिवाय नक्कल करण्याची कला होती. एखादी सासू पान लावता लावता सुनेला कशी टोमणे मारते, ते ती असं करून दाखवायची की बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या. मीही हसलेली आहे. उगाच सोवळेपणा कशाला सांगू!

एका रमजानमध्ये मोहल्ल्यातल्या उस्तानी सालेहाबींकडे बायकांचं प्रवचन होतं. उस्तानी म्हणजे मुलींना कुराण शिकवणारी म्हातारी, बोलायला कडक. मी शेजारीण, शाळामास्तरीण, माझे वडील निजामाच्या कोर्टातले वकील. घरात उर्दू होती, म्हणून मीही कधीमधी जाऊन बसायची. त्या दिवशी विषय होता गीबत. पाठीमागं कुणाचं वाईट बोलणं.

हुरमतबी मध्येच म्हणाली, "पर उस्तानीमाँ, मी खोटं कधीच बोलत नाही. जे असतं तेच सांगते."

"खरं असतं म्हणूनच ती गीबत," उस्तानी म्हणाल्या. "खोटं असतं तर ती तोहमत झाली असती, तिची शिक्षा वेगळी. ज्याच्याबद्दल बोललीस त्याला ते ऐकून वाईट वाटलं असतं का, एवढंच बघ. वाटलं असतं, तर तू आपल्या मेलेल्या भावाचं मांस खाल्लंस. कुराणात हेच लिहिलंय, मी मनाचं सांगत नाही."

बाकीच्या बायकांनी "तौबा, तौबा" म्हणून गाल थोपटले आणि इफ्तारच्या तयारीला लागल्या. हुरमतबी तिथंच बसून राहिली. तिचा आजवरचा समज एका वाक्यात कोलमडला होता. खरं बोलतो म्हणजे आपली जीभ स्वच्छ, असं ती धरून चालली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गीबत सोडली. आणि सोडली म्हणजे सोडली. मला अशी माणसं आवडतात. निम्मं सोडणाऱ्यांचा वैताग येतो. कुठंही बसलेली असताना कुणाची निंदा सुरू झाली की ती वाद घालायची नाही, उपदेश तर मुळीच करायची नाही. फक्त पाय पुढं करून चपलेत घालायची. त्यातूनही बोलणं थांबलं नाही तर उठून चालू लागायची. म्हणून ते उंबऱ्याशी बसणं.

बायकांनी थट्टा करून करून तिला बेजार केलं. "आली बिनमिठाची मश्शाता!" "अगं हळू बोल, खालाची चप्पल हलली!" धंदाही बसला. मुलीच्या आईला मुलाच्या घरातलं सगळं ऐकायचं असतं, आणि ही सांगायची फक्त चांगलं. चांगलं काही नसेल तर म्हणायची, "दुसरं घर बघू." हळूहळू लोकांनाच समजायला लागलं. हुरमतबी ज्या घराबद्दल तोंड भरून बोलते तिथं डोळे मिटून मुलगी द्यावी, आणि गप्प बसली तर तिथून उठावं. धंदा परत उभा राहिला. आधीपेक्षा बरा.

आमच्या भिंतीला भिंत लागून मुनव्वरबी राहायची. विधवा, शिलाईकाम करून एकुलती मुलगी वाढवलेली. ती मुलगी तस्नीम माझ्या वर्गात होती. मॅट्रिक झाली, डी.एड.ला नंबर लागला. गणितात हुशार, आणि उत्तर येत नसेल तर सरळ "येत नाही" म्हणणारी. तिचा मामा स्थळ घेऊन आला पाचोडचं. मोसंबीची बाग, घरची जीप, मुलगा देखणा. पहिली बायको होती, तलाक झालेला. "जमलं नाही," एवढंच मामानं सांगितलं. येत्या जुम्म्याला बात पक्की करायची ठरली.

हुरमतबी त्या दिवशी माझ्याकडं आली होती. मी ओट्यावर भाकरी थापत होते, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी.

"ऐकलंत का, आपल्या तस्नीमचं ठरतंय," मी म्हणाले आणि मुलाचं नाव, गाव, बाग सगळं सांगितलं.

"अल्लाह खैर करे" सुद्धा ती म्हणाली नाही. मी वळून पाहिलं. तिचा पाय चपलेत गेला होता.

"अहो, मी कुठं कुणाची निंदा केली?" मी विचारलं.

"तुम्ही नाही केली बाईसाब. माझ्या तोंडाशी आली होती."

मी भाकरी तशीच तव्यावर टाकून तिच्यासमोर येऊन बसले. "त्या घराबद्दल काहीतरी माहीत आहे तुम्हाला."

"त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी जात होते. त्यांचं मीठ खाल्लंय."

"आणि तस्नीमला? तुमच्या अंगाखांद्यावर खेळलीय ती!"

"तौबा केलीय बाईसाब."

मला राग आवरत नाही, लहानपणापासून नाही. मी म्हणाले, "हुरमतबी, तुमची जीभ स्वच्छ राहावी म्हणून त्या पोरीनं विहिरीत पडायचं का? असला धर्म तुमच्या उस्तानींनी शिकवला असेल असं मला वाटत नाही. चला, विचारू त्यांनाच."

भाकरी करपली ती करपलीच. आम्ही गेलो.

उस्तानी तेव्हा खूप थकल्या होत्या, खाटेवर पडूनच शिकवायच्या. हुरमतबीनं कुणाचं नावगाव न घेता अडचण मांडली. उस्तानींनी सगळं ऐकून घेतलं आणि कोपरावर टेकून उठल्या.

"तू तौबा गीबतीची केली होतीस, का बोलण्याची?"

उत्तराची वाट न बघता उस्तानी पुढं बोलल्या.

"लग्नाचा मशवरा कुणी मागितला तर माहीत असलेलं सांगणं ही अमानत आहे. ज्याच्याकडं सल्ला मागतात तो अमीन, ठेव सांभाळणारा असतो. दागिना ठेवायला दिला आणि तू परत केला नाहीस तर काय म्हणशील त्याला? खयानत, विश्वासघात. हीसुद्धा तीच. फक्त तीन गोष्टी बघ. वाचवण्यासाठी सांग, सूड म्हणून नको. स्वतः पाहिलं असेल तेच सांग. आणि गरजेपुरतं सांग. चिमूटभर मिठाचं काम असेल तिथं मूठ टाकू नकोस. जा."

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "झालं तर मग. आत्ताच जाऊन सांगून टाका."

"तिनं विचारलं पाहिजे."

"उस्तानींनी कुठं म्हटलं की विचारल्याशिवाय सांगूच नको म्हणून?"

"त्यांनी नाही म्हटलं. मी म्हणते." हुरमतबी रस्त्यात थांबली. "बाईसाब, माझी जीभ मला माहीत आहे. आपणहून उघडली तर ती थांबत नाही. मुलाचं सांगेन, मग आईचं, मग बहिणीचं, मग चालून दाखवीन ते कसे चालतात. कुणी विचारलं तर विचारलं तेवढंच. मुनव्वर विचारील. मी विचारायला लावते."

मुनव्वरबी मशीनवर मंगनीच्या, साखरपुड्याच्या ओढणीचा काठ शिवत होती. हुरमतबी उंबऱ्याशी बसली, मी आत बाजेवर.

"मुनव्वर, मला विचार."

"काय विचारू आपा?"

"मुलगा कसा आहे ते."

मशीन थांबलं. "तुम्ही आणलेलं स्थळ नाही. तुम्हाला कशाला विचारू?"

"माझं नाही म्हणूनच विचार. मला यात काही मिळायचं नाही."

"तेच तर दुखतंय ना!" मुनव्वरबी तडकली. "माझ्या भावानं बाग असलेलं घर आणलं, मश्शातेला कुणी विचारलं नाही. इतकी वर्षं सगळ्यांच्या घरात तोंडाला कुलूप, आणि माझ्या पोरीच्या वेळी किल्ली सापडली!"

"कुलूप अजून लागलेलंच आहे. तू विचार, मग उघडते."

"जळता तुम्ही."

"बरं, जळते. विचार."

"नाही विचारत, जा!"

"बसते मग."

आणि बसली. मुनव्वरबीनं चहा विचारला नाही, मशीन दणादणा चालवत राहिली. उन्हं कलताना असरची अजान झाली तेव्हा हुरमतबीनं अंगणातल्या हौदावर हात-पाय-तोंड धुऊन वजू केला, ओसरीवर नमाज पढली आणि परत उंबऱ्याशी येऊन बसली. दिवेलागणीला घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. आल्यागेल्या बायका विचारायच्या, "खाला, इथं कशा?" ती म्हणायची, "मुनव्वर मला काहीतरी विचारणार आहे, त्याची वाट बघतेय." मुनव्वरबी हे ऐकून आणखी पेटायची.

मी शाळेतून येता-जाता डोकावत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की मुनव्वरबी रागावलेली नाही, घाबरलेली आहे. विचारलं तर उत्तर येईल. उत्तर आलं की ते माहीत नसल्यासारखं वागता येणार नाही. भाऊ तुटेल, बाग जाईल, बिनबापाच्या पोरीला असं घर परत कोण आणणार? तिला न विचारता राहायचं होतं. मी तसं तोंडावर बोलले.

"मुनव्वरबी, तुम्हाला उत्तर माहीत आहे. म्हणून विचारत नाही आहात."

"बाई, तुम्ही नका मध्ये पडू," ती म्हणाली, पण तिचा आवाज फाटला. "तुम्हाला पगार आहे. मला मशीन आहे."

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा हलला. तस्नीम बाहेर आली. हातात चहाचा पेला. तो तिनं हुरमतबीच्या पुढं ठेवला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली, वर्गात बसायची तशी ताठ.

"खाला, लग्न माझं आहे ना? मग मी विचारते. मुलगा कसा आहे?"

"तस्नीम, आत जा!" आई ओरडली.

"अम्मी, तुम्ही नाही विचारत, म्हणून मी विचारलं. खाला, बोला."

हुरमतबीनं पेल्याला हात लावला नाही. सावकाश, एकेक शब्द मोजूनमापून बोलली. "बेटी, कष्टाळू आहे. दारू पीत नाही. आईला जपतो. बायकोवर हात उचलतो. रागाच्या भरात एकदा नाही, सवयीनं. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

आणि थांबली.

मग मुनव्वरबी खुर्चीवरून उठून खाली आली, हुरमतबीचे खांदे धरले. "कधी? कशानं मारलं? तिनं काय केलं होतं? सासू काय करत होती? आपा, सगळं सांगा!"

हुरमतबीचा पाय चपलेत गेला.

"पोरीनं विचारलं होतं मुलगा कसा आहे. ते सांगितलं. बाकीचं त्यांच्या घरातलं."

"खाला," तस्नीम म्हणाली, "मला पुरे आहे." मग आईकडं वळून, "अम्मी, मामूंना तुम्ही सांगता का मी सांगू?"

मुनव्वरबीनं तोंडावर ओढणी घेतली. मग ओढणी काढली, डोळे पुसले. "तू डी.एड.ची फी भरायची तयारी कर," ती म्हणाली. "माझ्या भावाला मी सांगते."

भाऊ तुटला. काही वर्षं बोलला नाही. तस्नीम जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, पुढं हुरमतबीनंच तिचं लग्न जुळवलं, फुलंब्रीच्या एका मास्तराशी. त्या घराबद्दल ती इतकं भरभरून बोलली की आम्ही तिला थांबवलं.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. ठरत आलेली मंगनी मोडल्यावर पाचोडहून मुलाची आई आली. जीप गल्लीच्या तोंडाशी उभी केली आणि हुरमतबीच्या दारात उभं राहून गल्ली डोक्यावर घेतली. "पाठीमागं बोलणारी! आमचं खाऊन आमचंच वाईट करणारी! अन् म्हणे नमाजी!" खिडक्या उघडल्या. हुरमतबीनं दार उघडलं, शांतपणे म्हणाली, "पाठीमागं बोलले ते आता तोंडावर सांगते, म्हणजे हिशेब राहायचा नाही. पण गल्लीत नाही. आत या." आणि दार लावून घेतलं.

आत गेलेली बाई आरडाओरडा करत गेली होती. बाहेर आली ती गप्प. बुरखा तोंडावरून ओढून घेतला आणि जीपपर्यंत मान खाली घालून गेली.

आत काय बोलणं झालं, ते समजावं म्हणून मी संध्याकाळी हुरमतबीला मुद्दाम चहाला बोलावलं. चांगला आल्याचा चहा केला, बिस्किटं काढली. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय हो, काय म्हणाली ती बाई?"

हुरमतबी माझ्याकडं बघून हसली. चहाचा शेवटचा घोट घेतला, पेला बाजूला ठेवला, आणि माझ्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तिनं पाय पुढं केला.