सहा वेळा सांधलेलं जाकीट

रफूकाकांना त्या मुलीबद्दल खरं तर फारसं काही माहीत नव्हतं. तिला कुठला विषय आवडतो, मैत्रीण आहे की नाही, घरी गेल्यावर ती काय करते, यातलं काहीच नाही. तिची कंबर, बाही आणि खांदा तेवढा इंचात पाठ होता. माणूस ओळखायला एवढं पुरतं, असं चाळीस वर्षं त्यांना वाटत आलं होतं.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक मशीन, दोन स्टुलं, एक आरसा आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. समोर बसथांबा, त्यापलीकडे शाळेचं फाटक. काका फाटलेलं कापड असं सांधायचे की मालकालाही जागा शोधावी लागे. त्यात जादू काही नव्हती. धागा विकत आणायचा नाही, एवढंच. त्याच कपड्याची आत दुमडलेली कड उसवायची, तिच्यातून एकेक धागा उपसायचा आणि भोकावर विणायचा. रंगही तोच आणि पोतही तोच.

मुलगी पहिल्यांदा आली ती शाळेचं निळं जाकीट कडेवर बाळ घ्यावं तसं धरून.

“खिळ्याला अडकलं, काका. आईला दिसायला नको.”

“माझ्याकडचं काम देवालाही दिसत नाही,” काका म्हणाले. ही त्यांची नेहमीची फुशारकी. मुलगी हसली नाही. पाणी विचारलं तर म्हणाली, “नको, घरी जाऊन पिईन.”

तीन आठवड्यांनी ती परत आली. पुन्हा खिळा. त्यानंतर महिन्याभराने बाहीच्या वर, खांद्यामागे.

“तुमच्या शाळेला भिंती आहेत की नुसते खिळेच?” काकांनी विचारलं.

“खिळेच,” ती म्हणाली आणि नखाशेजारची सोललेली कातडी दातांनी ओढत बसली.

काकांना तेव्हाच कळलं होतं. खिळ्याने कापड ओरबाडलं जातं, कडेला धागे लोंबतात. हे काप सरळ होते, ब्लेडने मारलेले, आणि सगळे पाठीला, जिथे अंगात जाकीट असताना स्वतःचा हात पोचत नाही. कळलं, आणि ते गप्प बसले. परक्याच्या पोरीला काय विचारायचं, कसं विचारायचं? आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकाला बाही-कॉलरपलीकडचा प्रश्न विचारला नव्हता.

घरी काकूंना सांगितलं, तर त्या कडाडल्याच. “अहो, दिवसभर दुसऱ्यांचे कपडे शिवता, तोंड कशाला शिवून घेतलंय?”

मधल्या काळात तिची आई स्कर्ट घेऊन येऊन गेली होती. ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती आणि नेहमी घाईत असायची. “काका, कमरेत इंचभर घ्या. सकाळी पोट दुखतं म्हणून खात नाही, डबा तसाच परत आणते. आजकालच्या पोरींना बारीक राहायचं वेड.” काकांनी इंचभर घेतलं. दोन महिन्यांनी ती पुन्हा आली, “अजून दोन बोटं घ्या.” काकांनी तेही घेतलं, आणि इतकं बेताने की स्कर्ट मापाने शिवल्यासारखा बसला. मुलगी वाळत चालली होती, आणि काकांच्या हातगुणाने ती नीटनेटकी दिसत होती.

सहाव्यांदा जाकीट आलं तेव्हा काकांनी आतली कड उलटून तिच्यासमोर धरली. कड विरून जाळी झाली होती.

“हे बघ बाळ. यानंतर उपसायला धागा नाही. पुढच्या खेपेला मी काही करू शकणार नाही.”

ती त्या जाळीकडे बघत राहिली. मग एकदम, बसचा नंबर सांगावा तसं म्हणाली, “मला बादली म्हणतात.”

“कोण?”

“सगळेच. वर्गात उलटी झाली होती मला, शिपाईकाका बादली घेऊन आले होते. तेव्हापासून.”

“कधीची गोष्ट?”

“सहावीतली.”

“आणि आता कितवीत आहेस?”

“नववीत.”

मग थोडं थोडं करून बाकीचं आलं. तिच्या बाकाजवळ रोज कुणीतरी बादली आणून ठेवायचं. डब्यात खडूची भुकटी टाकायचे. मागच्या बाकावर ब्लेड होतं. मुलींच्या बाथरूममध्ये चौघी दार अडवून उभ्या राहायच्या, म्हणून ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. म्हणजे जायलाच नको.

“बाईंना सांगितलंस?”

“सांगितलं. लक्ष देऊ नकोस म्हणाल्या.”

“आणि आईला?”

“आईला नका सांगू, काका. ती शाळेत येऊन भांडेल, मग अजून वाढेल. शप्पथ घ्या.”

काकांनी शपथ घेतली. घ्यायला नको होती, हे घेतानाच कळत होतं. पण समोर रडवेली पोर बसलेली असताना नाही म्हणायचं बळ त्यांच्यात नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात ती प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. लघवीचा संसर्ग पार मूत्रपिंडापर्यंत गेला होता. पाच दिवस सलाईन. शाळेने आईला सांगितलं, अभ्यासाचा ताण, या वयात होतं.

आई जाकीट न्यायला आली तेव्हा काकांनी शपथ मोडली. ती ऐकत असताना तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“सहा वेळा? आणि हे तुम्ही मला आज सांगताय?”

काकांनी दुकानाला कुलूप लावलं आणि जाकीट घेऊन तिच्याबरोबर शाळेत गेले.

मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत पंखा होता, ट्रॉफ्यांचं कपाट होतं, आणि टेबलावर काच. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग जाकीट खिडकीच्या उजेडात धरलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, पाठीवर हात फिरवला.

“कुठे फाटलंय, आजोबा? मला तर काही दिसत नाही.”

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती बाईंवरची कमी, स्वतःवरचीच जास्त. हेच वाक्य ऐकायला तर त्यांनी आयुष्यभर डोळे फोडले होते.

त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली, जाकीट टेबलावर पसरलं आणि आपलंच काम उसवायला घेतलं. पहिला काप उघडला. मग दुसरा. एकही धागा भलतीकडे तुटला नाही. सहाव्यापर्यंत पोचायला पाऊण तास गेला. बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा फोन घेतला. शेवटी पाठीला सहा तोंडं उघडी पडली. चार खांद्यामागे, दोन पाठीच्या मधोमध.

“बघा,” काका म्हणाले.

“बघितलं,” बाई म्हणाल्या. “पण हे तर तुम्ही आत्ता माझ्यासमोर फाडलंत.”

कापडाची कड काय सांगते, ब्लेडचा काप कसा ओळखायचा, हे काकांना बोटांनी कळत होतं, शब्दांत येत नव्हतं. “अहो बाई, कडा... कडा बघा ना,” एवढंच ते दोनतीनदा म्हणाले.

आईने मात्र बघितलं. खांद्यामागच्या एका कापावर तिने बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. “इथे,” ती म्हणाली, “इथे तिच्या पाठीवर व्रण आहे. मी विचारलं तर म्हणाली, पुरळ आलंय.” मग जाकिटाची घडी घातली, बाईंना म्हणाली, “दाखला तयार ठेवा,” आणि बाहेर पडली.

फाटकापाशी काकांनी कसंबसं म्हटलं, “ताई, मी आधीच...”

“हो,” ती म्हणाली. “आधीच.”

शाळेने पुढे एवढंच केलं की दर्शनी फळ्यावर रंगीत खडूने ‘एकमेकांशी प्रेमाने वागा’ असं लिहिलं. ते फाटकातून काकांच्या स्टुलावरून दिसायचं. अक्षर सुरेख होतं. मागच्या बाकावरच्या कुणालाही कुणी काही विचारल्याचं कानावर आलं नाही. रोज शाळा सुटली की मुलं दुकानासमोरून खिदळत जायची आणि काका एकेकाची बोटं निरखत बसायचे, जणू बोटांवरून काही कळणार होतं. काकूंपाशी चिडचिड करायचे. काकू म्हणायच्या, “आता बोलताय.”

दीड महिन्याने मुलगी आली. नवीन शाळेचा करडा स्कर्ट हातात होता. केस कापलेले, गालांची हाडं अजून वर आलेली. काकांना खूप विचारायचं होतं. झोप लागते का? पोट दुखायचं थांबलं का? तिकडे कुणी काही म्हणत नाही ना? आणि माझा राग आला का? त्यांनी गळ्यातली टेप काढली.

“कंबर किती घेऊ?”

“घेऊ नका. सैलच राहू द्या.”

“घसरेल की.”

“पट्टा लावीन.”

“बरं. लांबी तेवढी करतो. शनिवारी ये.”

“आई येईल न्यायला. शनिवारी डॉक्टरांकडे नंबर असतो माझा. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही नवीन घरी जातोय.”

“लांब आहे?”

“दोन बस बदलाव्या लागतात.”

काकांनी मान हलवली. स्कर्टला खडूची खूण केली, ती वाकडी गेली, पुसून पुन्हा केली. मुलगी अजून तिथेच उभी होती.

“पाणी हवंय?” त्यांनी विचारलं.

“द्या,” ती म्हणाली. “अर्धा ग्लास.”